वाहनाचे वहन आणि यात्रेचे पुण्य

ज्या वस्तूचे प्रयोजनच दुसऱ्याला वाहून नेणे हे आहे, ती वस्तू स्वतः ओझे होऊन दुसऱ्या वाहनावर चढली, तर तिच्या मालकाने यात्रा केली असे म्हणावे की नाही, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसला तरी भारतीय धर्मविचारातील यात्रा, साधन आणि परावलंबन या तिन्ही कल्पनांना तो एकाच वेळी भिडतो. बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा येथे तो प्रत्यक्ष उभा राहतो, कारण २००७ साली महानगरपालिकेत विलीन होईपर्यंत स्वतंत्र नगरपालिका असलेल्या या भागात संगणक-उद्योगाच्या निमित्ताने स्थिरावलेली मराठी कुटुंबे आहेत आणि त्यांची कुलदैवते व त्यांचा विठोबा मात्र शेकडो किलोमीटर दूर आहेत. अशा कुटुंबातील एखाद्या व्यक्तीच्या पायांत बळ उरले नसेल आणि तिचे रोजचे हिंडणेफिरणे तीनचाकी मोटारसायकलवर अवलंबून असेल, तर पंढरपूरला जाताना ती गाडी ट्रेलरवर चढवून नेण्यावाचून तिला दुसरा व्यवहार्य मार्ग सहसा नसतो.

ही गाडी म्हणजे हौसेची वस्तू नव्हे. आपल्याकडे स्कूटरच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जास्तीची चाके जोडून जी गाडी तयार करतात, तिलाही लोक तीनचाकीच म्हणतात, आणि दोन चाकांवर तोल सांभाळू न शकणाऱ्या माणसाला ती स्वतःच्या मर्जीने घराबाहेर पडण्याची मुभा देते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अपंगांच्या गाडीची जी व्याख्या होती, तिच्यात मुळातच तशी बांधलेली गाडी तेवढी बसत असे. २०१९ च्या दुरुस्तीने तिच्या जागी अनुकूलित वाहनाची व्याख्या आणली आणि साध्या गाडीत फेरफार करून त्या व्यक्तीच्या शरीराला जुळवून घेतलेले वाहनही तिच्यात समाविष्ट झाले. शरीराला जुळवलेली गाडी ही जवळजवळ शरीराचाच विस्तार असते, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

ती चढवण्याची रीतही पाहिली पाहिजे. दुचाकी अरुंद फळीवरून चढते, तीनचाकीला मात्र पुढच्या व मागच्या चाकांच्या वेगवेगळ्या रेषांमुळे रुंद तळाचा ट्रेलर लागतो. पुढचे चाक खाचेत अडकवून चारी कोपऱ्यांना पट्टे आवळतात, पण स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत आवळत नाहीत, कारण तसे केल्यास खड्ड्याचा प्रत्येक हिसका थेट सांगाड्याला बसतो. भार आसाच्या थोडा पुढे ठेवून भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के हिस्सा ओढणाऱ्या गाडीच्या हुकावर येईल असे पाहावे लागते, नाहीतर वेग वाढताच ट्रेलर मागून डोलू लागतो. आणि पट्टे प्रवासात सैल होतात म्हणून सुरुवातीच्या काही किलोमीटरनंतर थांबून ते पुन्हा आवळावे लागतात. तत्त्वविचाराच्या दृष्टीने यातील लक्षणीय बाब अशी की, गाडीचे हँडल या सर्व काळात बांधलेले असते आणि ती कोठे वळेल हे तिच्या स्वाराच्या हातात राहत नाही.

कठोपनिषदातील प्रसिद्ध रथकल्पनेत शरीर हा रथ, आत्मा हा रथाचा स्वामी, बुद्धी हा सारथी, मन हा लगाम आणि इंद्रिये हे घोडे असे रूपक आहे. सारथी विवेकी असेल तर रथ मुक्कामाला पोहोचतो, हा त्या रूपकाचा गाभा होय. परंतु रथच दुसऱ्या रथावर चढवला गेला आणि लगाम परक्या सारथ्याच्या हाती गेला, तर काय, ही शक्यता त्या रूपकात विचारात घेतलेली नाही. आणि आजारपण, वार्धक्य किंवा अपंगत्व यांत माणसाची नेमकी हीच अवस्था होते. अशा माणसाच्या बुद्धीला सारथ्यपदावरून दूर झालेली समजावे काय? तसे समजण्याचे कारण नाही. कोणत्या गाडीला ओढू द्यायचे, कोठे थांबायचे, कोणावर विसंबायचे हे ठरवणे हेही सारथ्यच आहे, आणि निरोगी माणसाला त्याची सवय नसल्यामुळे ते त्याला दुय्यम वाटते, एवढेच.

धर्मशास्त्राचे मत यापेक्षा कठोर आहे, किंवा तसे सांगितले जाते. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे लेखक भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांच्या ग्रंथाच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेचे विस्तृत विवेचन आहे. निबंधकारांच्या, म्हणजे स्मृती व पुराणे यांतील वचने विषयवार लावून त्यांचा निर्णय देणाऱ्या ग्रंथकारांच्या, परंपरेत वाहनाने यात्रेचे अर्धे फळ नष्ट होते आणि छत्री व पादत्राणे यांनीही ते घटते, असे मत आढळते. मत्स्यपुराणातील प्रयागमाहात्म्यात बैलावर बसून प्रयागला जाणाऱ्याची तर तीव्र निंदा आहे. ही वचने शरीरकष्टांचा हिशोब म्हणून वाचली, तर चालू न शकणाऱ्याला यात्रेचे दार अर्धे बंदच राहते. परंतु बैलाविषयीचा निषेध वेगळ्या दिशेने बोट दाखवतो, कारण तेथे केवळ यात्रेकरूचे सुख दोषास्पद ठरत नाही, तर त्याच्या पुण्याचे कष्ट दुसऱ्या जिवाने सोसावेत यालाही आक्षेप दिसतो. वहनाचा दोष ओझे कोणाच्या पाठीवर पडले यावरून ठरतो असा अर्थ घेतला, तर ती सर्व वचने अधिक न्याय्य होतात, आणि तोच अर्थ येथे ग्राह्य मानला आहे.

साधन वाहून नेण्यावरचा सर्वांत मार्मिक आक्षेप बौद्ध परंपरेतून येतो. मज्झिमनिकायातील अलगद्दूपमसुत्तात बुद्धाने तराफ्याचा दृष्टान्त दिला आहे. धोक्याच्या तीरावरून पलीकडे जाण्यासाठी एकाने गवत, फांद्या व पाने बांधून तराफा केला, हातापायांनी वल्हवत तो पार झाला, आणि याने माझ्यावर उपकार केले म्हणून त्याने तो डोक्यावर घेऊन पुढची वाट धरली, तर त्याचे वागणे योग्य म्हणता येईल काय, असे बुद्ध भिक्षूंना विचारतो आणि धर्मदेखील तरून जाण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही, असे सांगतो. ट्रेलरवरची मोटारसायकल म्हणजे डोक्यावरचा तराफा, असे कोणीही चटकन म्हणेल. मात्र दृष्टान्तातील एक अट येथे निसटते: त्या माणसासमोर दुसरी नदी उरलेली नव्हती. पंढरपुरात उतरल्यावर वाळवंटापर्यंत, मठापर्यंत, मुक्कामाच्या जागेपर्यंत जायचे आहे अशा माणसासमोर नद्या उरलेल्या आहेत, आणि तराफा सोडून देण्याचा उपदेश त्याला करणे म्हणजे त्याने उरलेल्या प्रत्येक पावलासाठी दुसऱ्याच्या खांद्याची वाट पाहावी असे सांगणे होय. आसक्ती आणि तरतूद यांतील ही सीमारेषा गीतेच्या नवव्या अध्यायातील योगक्षेमाच्या कल्पनेने स्पष्ट होते. जे नाही ते मिळणे हा योग आणि जे आहे ते सुरक्षित राहणे हा क्षेम, आणि अनन्य भक्ताच्या बाबतीत हे दोन्ही भगवंत स्वतः वाहतो असे तेथे म्हटले आहे. तेव्हा सांभाळून नेणे हे कृत्यच हीन असते, तर ते ईश्वराकडे सोपवले गेले नसते.

वारकरी संप्रदायाने हा प्रश्न ग्रंथात न सोडवता रस्त्यावर सोडवला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. निबंधकारांनी पुण्य घटवणारी म्हणून गणलेली पादत्राणेच येथे पादुकांच्या रूपाने पालखीत बसली. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली पादुका पालखीत ठेवून नेण्याची प्रथा सुरू केली असे मानले जाते, आणि एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीच्या सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले. पायांना वाहणारी वस्तू लोक वाहतात आणि त्यात कोणालाही विसंगती वाटत नाही. त्याच सोहळ्यासाठी बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व आळंदीला येतात, त्यांतील माउलींच्या अश्वावर कोणीही बसत नाही, आणि तरीही त्याला रिकामा घोडा म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. २०२० आणि २०२१ या महामारीच्या वर्षांत पायी वारी स्थगित झाली, तेव्हा मानाच्या पालख्यांच्या पादुका एसटीच्या बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. तो निर्णय अनेकांना जिव्हारी लागला, हे खरे आणि समजण्यासारखेही आहे. परंतु त्या वर्षांची वारी मोजणीतून वगळावी असे संप्रदायाने मानले नाही. चाके एसटीची होती, यात्रा मात्र पादुकांचीच राहिली.

तेव्हा राहतो तो वाहणाऱ्याचा प्रश्न, आणि बैलाच्या जागी आज बव्हंशी चालक आहे. ३० ऑगस्ट २०२० रोजी बंगळूरजवळच्या नेलमंगलपासून सोलापूरजवळच्या बाळे स्थानकापर्यंत ६८२ किलोमीटरची रो-रो सेवा सुरू झाली. भरलेले ट्रक थेट रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून नेण्याच्या या पद्धतीचा वापर कोकण रेल्वेने १९९९ पासून कोलाड आणि वेर्णा यांच्या दरम्यान केला होता. हिचे समर्थन सहसा इंधनाच्या बचतीने केले जाते, पण धर्मदृष्टीने तिचे मोठे मोल असे की, रेल्वे ओढत असताना ट्रकचा चालक झोपू शकतो. जो नेहमी वाहतो तो एक रात्र वाहिला जातो. महादेवपुऱ्याहून चित्रदुर्ग, होसपेट, विजापूर या मार्गाने ट्रेलर ओढणाऱ्या चालकाला ही सवलत नाही, म्हणून त्याच्या विश्रांतीची सोय करणे हा गाडीच्या मालकाच्या यात्रेचाच भाग ठरतो, आणि एकादशी गाठण्यासाठी त्याला रात्रभर जागवणारा यात्रेकरू प्रयागमाहात्म्यातील निंदेला नक्कीच पात्र होतो. विजापूरला मुक्काम केल्यास दुसऱ्या दिवशी मंगळवेढ्याला पट्टे सोडता येतात. तेथून पंढरपूर सुमारे पंचवीस किलोमीटर आहे, आणि तेवढे अंतर तीनचाकीने आपल्याच स्वारासह, मोकळ्या हँडलने कापावे, चालकाने रिकामा ट्रेलर घेऊन सावकाश मागून यावे.