टाकीच्या तोंडाशी कोण बसतं?

चि. बाळू यास,


परवा तुझा फोन झाल्यावर मामी म्हणाली, पोरगं खुशीत आहे. मीही मान डोलावली. रात्री मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. फोनवर तू नुसता "हो मामा, हो मामा" करतोस आणि म्हशीची चौकशी सुरू करतोस, म्हणून हे हातानं लिहितोय. नात फोटो काढून तुला पाठवेल. (म्हैस व्याली. रेडी झाली. आता तो विषय संपला.)

अमिरातीत फुजैराला कच्च्या तेलाच्या टाक्या साफ करायचं काम धरलंस, पगार दीडपट झाला, चांगलं झालं. तुझी आई गावात "तेलाच्या कंपनीत आहे" एवढंच सांगते. सांगू दे. मी सव्वीस वर्षं गटारात उतरलो. घरी आल्यावर दोनदा अंघोळ केल्याशिवाय ताटावर बसलो नाही, पण ते ताट त्याच पैशाचं होतं. घाणीच्या कामाला दाम जास्त मिळतो तो घाणीचा नाही, राजा, धोक्याचा असतो. तो नुसता मोजून घेऊ नकोस, कशाचा आहे तेही बघ.

तू म्हणालास, "मामा, तुमचंच काम, गाळच काढायचा." तिथंच माझ्या पोटात गोळा आला. आमची विद्या तुझ्या कामाची नाही रे. आम्ही मॅनहोलचं झाकण काढून थोडा वेळ थांबायचो, झुरळं जिवंत दिसली की हवा आहे म्हणायचो. कुणी पेटती काडी आत टाकून बघायचा. तेलाच्या टाकीत काडी टाकलीस तर बघायला कुणी उरणार नाही. आणि सडक्या अंड्याचा वास येतो तो गॅस आमच्याही गटारात होता, तुझ्या टाकीतही आहे. हवेपेक्षा जड, तळाशी बसणारा. थोडा असला की वास येतो, फार वाढला की नाकच बधिर होतं, वास यायचाच बंद होतो. आमच्यातले कितीतरी जण "आता बरं वाटतंय" म्हणत खाली गेले.

तेव्हा नाकावर जाऊ नकोस, मीटरवर जा. मीटर वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी लावलाय का ते डोळ्यांनी बघ. ऑक्सिजन साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली असेल तर आत पाय नाही. जेवून आलास की पुन्हा मोजायला लाव, कारण फावडं मारलं की गाळातून गॅस नव्यानं सुटतो, सकाळचा आकडा सकाळचाच. गॅस गाळणारा मास्क हवा तयार करत नाही हेही ध्यानात ठेव. हवा कमी असेल तिथं बाहेरून नळीनं किंवा पाठीवरच्या सिलिंडरनं श्वास मिळायला हवा. पाइपला नुसता व्हॉल्व्ह बंद आहे म्हणाले तर ब्लाइंड मारलाय का, म्हणजे पाइपात लोखंडी चकती घालून तो पक्का बंद केलाय का, ते विचार. लोखंडाच्या भिंतीला जी काळी खपली धरते ती वाळली की हवेनं आपोआप तापते, पेटतेसुद्धा, म्हणून ती ओलीच ठेवतात. हे मला शेजारच्या पोरानं सांगितलं, तो रिफायनरीत होता.

उन्हाचं तुला ठाऊकच आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर तिकडे दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हातलं काम बंद. "टाकीच्या आत कुठं ऊन आहे?" असं म्हणणारा एखादा सुपरवायझर निघतोच. तापलेला पत्रा आतून कसा असतो ते त्याला ठाऊक असतं, म्हणून तर तो स्वतः आत येत नाही.

आता एक गोष्ट, जी तुझ्या आईलाही कधी सांगितली नाही. १९९८ चा पावसाळा असेल. ठेकेदाराचं काम होतं, त्याचं नाव कशाला घेऊ. माझा जोडीदार खाली उतरला आणि आवाज यायचा बंद झाला. दुसरा "धर, धर" म्हणत मागोमाग गेला. तोही गप्प. मी एक पाय शिडीवर टाकला तेवढ्यात आमच्यातल्या म्हाताऱ्यानं मागून कंबरेला मिठी मारली आणि अशी शिवी हासडली की ती अजून कानात आहे. मी त्याला लाथा मारल्या. वर्षभर त्याच्याशी बोललो नाही. वर तीन माणसं होती, दोर एकही नव्हता.

त्या दोघांच्या घरच्यांचे कागद घेऊन मी फिरलो. सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये १९९३ पासूनच्या गटारमृत्यूंना दहा लाख द्यायला सांगितले, २०२३ मध्ये ते तीस लाख केले. मेलेल्या माणसाचा भाव वाढत गेला, बाळू. जिवंतपणी त्याला दोनशे रुपयांचा दोर मिळाला नव्हता.

म्हणून माझं एकच मागणं. टाकीच्या तोंडाशी जो बसतो, ज्याला तुम्ही होलवॉच म्हणता, तो कोण आहे? तो मोबाइल बघत बसतो का? चहाला उठतो का? तू आत असताना तो जागचा हलत नसेल आणि तुझ्या अंगावर हार्नेस असून त्याचा दोर बाहेर असेल, तरच वाकून आत जा. आणि आत कुणी पडला तर तू धावायचं नाहीस. ओरडायचं, अलार्म वाजवायचा, सिलिंडरवाल्यांना बोलवायचं. मला ठाऊक आहे, तू धावशील. लहानपणी विहिरीत कोकरू पडलं तेव्हा पोहता येत नसताना उडी मारलीस. तेव्हा मी काठावर होतो.

मामीचा गुडघा बरा आहे. पाऊस अजून नाही. तू पाठवलेल्या पैशातून पत्रे बदलले, उरलेले तुझ्या खात्यात ठेवलेत, बहिणीच्या लग्नाची घाई करू नकोस.

पुढच्या शुक्रवारी फोन करशील तेव्हा त्या होलवॉचला शेजारी बसव. बिहारचा असो, नेपाळचा असो, कामापुरती हिंदी मला येते. मला त्याच्याशी बोलायचंय.

तुझा,
मामा