पिठात काय घातलंस?

गेल्या दिवाळीत मुलगा बेंगळूरहून बेळगावला आला तो बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरच्या चार बाटल्या घेऊन. तिच्यात धणे आणि संत्र्याची साल घालतात, हे ऐकून मला गंमत वाटली. एक बाटली आम्ही बापलेकांनी चवीचवीने संपवली. दुसरी त्याने बेसनात ओतली. बिअरच्या बुडबुड्यांनी बटाट्याची भजी हलकी, कुरकुरीत झाली.

आई ऐंशीची, माळकरी. भजे उचलत तिने विचारले, "पिठात काय घातलंस रे?"

"सोडा, आजी."

मी ऐकले आणि गप्प बसलो. आईने आवडीने तीन भजी खाल्ली.

रात्री मनाची वकिली सुरू झाली. शिजवल्यावर दारू उडूनच जाते ना? पण सगळी उडत नाही. रश्श्यात मंद आचेवर तासभर शिजवली तरी सुमारे 25 टक्के उरते. बरे, तळणीत थेंबही उरला नसेल. शिवाय इडलीचे पीठ, आंबील, तीही आंबवलेलीच. पण आईचा नेम टक्क्यांशी नव्हता, पांडुरंगाला दिलेल्या शब्दाशी होता. तो कुठवर पाळायचा, हे तिने ठरवायचे. तो हक्क आम्ही परस्पर काढून घेतला होता.

बिअर पिण्यात मला आजही पाप वाटत नाही. पाप त्या खोट्या उत्तरात होते, आणि माझ्या गप्प बसण्यातही.

सकाळी आईला सांगितले. माळेला हात लावून ती एवढेच म्हणाली, "मी विचारलं होतं रे."

यंदा पीठ दोन पातेल्यांत भिजेल. कशात काय आहे, ते आधी सांगून.