डोंगरावरचा द्राक्षमळा



आज सामान्य काळातील सत्ताविसावा रविवार. पहिले वाचन यशया संदेष्ट्याच्या पाचव्या अध्यायातील आहे आणि शुभवर्तमान मत्तयच्या एकविसाव्या अध्यायातील. दोन्ही ठिकाणी द्राक्षमळा आहे. आपण नागपूरकर संत्र्याची माणसे. आपल्याकडे द्राक्षे फेब्रुवारी-मार्चमध्ये हातगाडीवर येतात, तीही नाशिक-सांगलीकडून. त्यामुळे मळ्याचे वाचन झाले की आपण मान डोलावतो, पण त्यातले कष्ट आपल्या डोळ्यांसमोर उभे राहत नाहीत.

यशया सांगतो की हा मळा सुपीक टेकडीवर होता. धन्याने जमीन खणली, दगडगोटे वेचून काढले, निवडक वेल लावले, राखणीसाठी माळा उभारला, रस काढायचे कुंडही खोदून ठेवले. म्हणजे पहिला घड लागण्याच्या आधीच त्याने कुंड तयार केले होते! एवढी त्याची आशा. आणि हाती आली ती आंबट रानद्राक्षे.

नेमक्या याच दिवसांत नाशिकच्या दिंडोरी, निफाड भागात छाटणी चालू असते. तेथे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमधली ती खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास होते ती गोडी छाटणी. शेतकऱ्यांनी ठेवलेली ही नावे मला फार अर्थपूर्ण वाटतात. खरड छाटणीत हिरवा वेल इतका उघडा पडतो की नवख्या माणसाला वाटावे, याने बाग मारली. त्या छाटणीने फळ येत नाही, फक्त काडी तयार होते. सहा महिने ती काडी जोपासायची, मग गोडी छाटणी करायची आणि पुढे चार-पाच महिने अवकाळी पाऊस, गारपीट आणि डाउनीच्या धास्तीत काढायचे. तेव्हा कुठे घडात गोडी उतरते.

ओझरला 1925 च्या सुमारास रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षाची लागवड सुरू केली, असे नाशिककर सांगतात. तेव्हापासून तिथल्या कित्येक घरांत आजोबांनी मांडव घातला, बापाने कर्ज फेडले आणि आता नातू बाग सांभाळतो आहे. वाइनची द्राक्षे मात्र पुष्कळ उशिरा आली. नारायणगावच्या डोंगरांत चौगुले घराण्याने 1980 च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळणारी पांढरी वाइन करून दाखवली. राजीव सामंत नावाचा तरुण अमेरिकेतील नोकरी सोडून परतला आणि गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीत त्याने 1997 साली सोव्हिन्यों ब्लां आणि शनां ब्लां या पांढऱ्या जाती लावल्या. पहिली बाटली 2000 साली निघाली. कंपनीला त्याने आईचे, सुलभाबाईंचे नाव दिले, तेच सुला. 2001 साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले तेव्हा पुष्कळ शेतकऱ्यांनी वाइनच्या जाती लावल्या. 2008 नंतर मंदी आली, मागणी घटली आणि त्यांतल्या अनेकांनी स्वतःच्या हातांनी त्याच वेली उपटल्या. टेकडीवरच्या त्या धन्याचे दुःख यांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

इटलीत व्हेरोना शहराजवळ सोआवे नावाचे गाव आहे. तेथील पिएरोपान कुटुंब 1880 पासून पांढरी वाइन करते आणि आज चौथी पिढी काम पाहते. त्यांच्या एका टेकडीवरच्या मळ्याचे नाव ‘काल्व्हारिनो’, म्हणजे छोटा कालवारी. जमीन इतकी कठीण, चढ इतका दमवणारा, की कष्टकऱ्यांना क्रुसाची वाट आठवली. त्या मळ्याची वाइन 1971 पासून वेगळी भरली जाते. मी तिथे गेलेलो नाही, पण वाचताना दोन गोष्टींची मौज वाटली. तिथली माती ज्वालामुखीच्या काळ्या खडकाची, आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाची सख्खी बहीणच म्हणा ना. आणि वेली चढवतात त्या मांडवावर, आपल्या नाशिकसारख्याच. कालवारीच्या नावाने चार पिढ्या एकच टेकडी खणत राहिल्या.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. काही महिन्यांपूर्वी मिस्सा संपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक ताई आवारात थांबल्या. म्हणाल्या, “फादर, घरी काही म्हटलं की हे म्हणतात, फादर बी तं रोज घेतेच ना! मी काय सांगू?” नवरा पितो, सासरेही प्यायचे. आणि आता चौदा वर्षांच्या मुलाला पैसे देऊन बाटली आणायला पाठवतात. मी काहीतरी बोललो, पण मलाच ते पटले नाही. तेव्हापासून उत्तर शोधतो आहे.

एक सोपे उत्तर असे, की द्राक्षारस वाईटच आहे असे म्हणून मोकळे व्हावे. आपण वर्धा आणि गडचिरोलीच्या शेजारी राहतो. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात 2015 साली आली आणि 2021 साली उठली. दारूबंदीसाठी आया-बहिणी का रस्त्यावर आल्या, हे मला ठाऊक आहे आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण काना गावच्या लग्नात प्रभूने रांजण भरून दिले, हेही मी पुसू शकत नाही. ख्रिस्तसभेचा नियम, धर्मकायद्याचे 924 वे कलम, स्पष्ट आहे: मिस्सासाठी द्राक्षापासून नैसर्गिक रीतीने झालेला, न बिघडलेला द्राक्षारसच हवा, आणि त्यात थोडे पाणी मिसळायचे. (पुष्कळ धर्मगुरू पांढरा वापरतात. त्याचे कारण गूढ नाही. तांबड्याचे डाग वेदीच्या वस्त्रांवरून निघत नाहीत.)

सेमिनरीत ॲरिस्टॉटल शिकवताना आमचे प्राध्यापक सांगत, की वस्तू कशाची आहे एवढे विचारून थांबू नका, ती कशासाठी आहे तेही विचारा. परीक्षेपुरते ते पाठ केले होते, समजले आवारात उभे राहून. चषकातला घोट आणि मुलाच्या हातून आणवलेली बाटली, दोन्हींत मद्य आहे. पण एक सर्वांसाठी ओतलेल्या रक्ताचे चिन्ह होऊन वेदीवर येते आणि दुसरी घरातल्या सर्वांच्या तोंडचा घास काढून घेते.

तरीही “फादर घेतात” हा मुद्दा एवढ्याने संपत नाही. तो संपतो तो आणखी एका नियमाने, जो फार थोड्यांना माहीत आहे. काही धर्मगुरूही या व्यसनाचे रोगी असतात. आम्ही मातीचीच भांडी आहोत. अशांसाठी 24 जुलै 2003 रोजी रोमहून पत्र निघाले. त्यावर तेव्हाचे कार्डिनल रात्झिंगर, म्हणजे पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट, यांची सही होती. त्यानुसार महागुरुस्वामींच्या परवानगीने असा धर्मगुरू मद्य न चढलेल्या द्राक्षाच्या ताज्या रसाने मिस्सा अर्पण करू शकतो. त्याच्या मिस्सात काहीही उणे राहत नाही. म्हणजे ज्याला एक घोटही झेपत नाही, त्याच्या हातून ख्रिस्तसभा वेदीवरचा प्यालासुद्धा बाजूला करते. ताई, घरी हे सांगा. वेदीवर ज्याचा आग्रह नाही, त्याचा आग्रह सणावारी पाहुण्याला करणाऱ्या आपल्या घरांनाही ते लागू आहे. नाताळ आणि लग्नाचे दिवस फार दूर नाहीत.

आजचे वाचन सातव्या वचनाला थांबते. घरी जाऊन बायबल उघडा आणि तोच अध्याय पुढे वाचा. आठव्या वचनात शेताला शेत जोडून गरिबाला बेदखल करणाऱ्यांचा धिक्कार आहे, नाबोथाचा मळा बळकावणारा अहाब राजा लगेच आठवतो. अकराव्या आणि बाविसाव्या वचनांत पहाटेपासून मद्यामागे धावणाऱ्यांचा आणि पिण्यात शौर्य मानणाऱ्यांचा धिक्कार आहे. मळ्याचे गोड गीत गाणारा आणि पिणाऱ्यांवर कडाडणारा संदेष्टा एकच आहे. त्याला द्राक्ष आवडते, म्हणूनच त्याच्या नासाडीचा त्याला राग येतो.

आणि शुभवर्तमानातले कुळवाडी? त्यांचा राग वारसावर होता. मुलगा येताना दिसला तेव्हा त्याला संपवले की मळा आपला, असा त्यांचा हिशेब. मी हा भाग वाचतो तेव्हा आता मला ते चौदा वर्षांचे पोर दिसते, पिशवीत बाटली घेऊन गल्लीतून परत येणारे. आजोबांकडून बापाकडे आले, ते त्याच्याकडे चालले आहे. द्राक्षाचा बागाईतदार रोगट वेलीची काडी पुढच्या लागवडीला कधी घेत नाही. आपले संत्रेवालेसुद्धा जंबेरीच्या खुंटावर डोळा भरतात तो निरोगी झाडाचाच पाहून.

खरड छाटणी दुखते हे मी मान्य करतो. पहिले काही दिवस हात थरथरतात, झोप लागत नाही. फार जुने पिणे असेल तर अचानक सोडू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. आणि त्या दिवसांत बाग मेल्यासारखी दिसते, घरच्यांनी घाबरू नये.

दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता सभागृहामागची खोली उघडी असते. ज्यांनी पिणे सोडले आहे आणि ज्यांना सोडायचे आहे, असे काही जण तेथे बसतात. मी फक्त कुलूप उघडतो आणि चहा ठेवून निघून येतो. तेथे प्रवचन नसते. नाव लिहून घेतले जात नाही. पत्नी, आई, मुले यांच्यासाठी त्याच वेळी सिस्टरांच्या घरी वेगळी बैठक असते. खोलीचे दार विहिरीच्या बाजूला आहे, रस्त्यावरून दिसत नाही.