बंद खात्यातलं भूत

बँकेत कारकुनी केल्यामुळे एकदा बंद झालेलं खातं पुन्हा उघडलेलं मला खपत नाही. २००७ साली प्रियदर्शनच्या ‘भूल भुलैया’नं सांगितलं, मंजुलिका हे भूत नव्हे, विद्या बालनच्या मनाचं दुखणं. झालं, भुताचं खातं बंद! २०२२ साली ‘भूल भुलैया २’ आला आणि भूत चक्क खरं निघालं. विनोद होते, मानसशास्त्राला सहीपुरतंही बोलावलं नव्हतं.

हा पिच्चर मी लोहाऱ्यात घरी टीव्हीवर मावशीबरोबर पाहिला, ही चूक. मावशी सास्तूरची. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ती रात्री किंचाळत उठायची. लोक म्हणाले, बाहेरचं आहे. लिंबं उतरवली. आम्ही पोरं तिची नक्कल करून हसायचो. पुढं शहाणा झाल्यावर मीच तिला पटवत असे, ‘मावशे, ती भीती होती.’

पिच्चर संपला. ‘बघ की रं, भूतच हुतं!’ मावशीचा चेहरा कसा हलका झाला! भूत असलं तर दोष भुताचा, मन असलं तर आपला, असा तिचा हिशेब. आता खरं सांगून तो चेहरा उतरवायचा, की खोटं मुकाट जमा करून घ्यायचं? बी. कॉम.ला हे नव्हतं. मी चाचरत म्हणालो, ‘दुखण्यातबी दोष कुणाचा नसतो गं.’

‘मग तवा हसत का हुतास?’