सांगून आलेला ताप

दिवाळी सरली आणि कराड तालुक्यात रेठऱ्याच्या शिवारात ऊसतोड्यांच्या कोप्या पडल्या. बीडकडून आलेल्या एका जोडप्याबरोबर सासू होती, दोन वर्षांची थोरली होती आणि अडीच महिन्यांचं तान्हं. तान्ह्याची दीड महिन्याची सुई चुकलेली.

आशाताई सकाळी अकराला तळावर गेल्या. तोडणीवाले पहाटेच फडात गेलेले, कोपीत आजी आणि नातवंडं. “थेंब पाजा, सुई नको,” आजींनी विषय मिटवला. वहीत ‘कुटुंबाचा नकार’ अशी नोंद पडली. जानेवारी २०११ नंतर देशात वन्य पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण आढळला नाही, तो थेंबांना हो म्हणणाऱ्या अशाच घरांमुळे. अशा आजीला अडाणी म्हणणं अन्यायाचं आहे. आशाताईंनाही ती नोंद पटली नाही.

अंधार पडल्यावर त्या पुन्हा गेल्या. आई भाकरी थापत होती. लसीचे फायदे न सांगता त्यांनी विचारलं, “थोरलीच्या वेळी काय झालं होतं, बाई?”

मग सगळं निघालं. मागच्या हंगामात, दुसऱ्या एका तळावर, थोरलीला सुई दिली आणि रात्री पोर फणफणलं. ताप येतो हे कुणी सांगितलंच नव्हतं. आई दोन दिवस कोपीत बसली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकजण बसला की तोड अडते, मुकादम खाडा मांडतो, उचल फिटायची लांबते.

“चांगलं लेकरू दुखण्यात घातलं,” आजी म्हणाल्या.

“आजी, याही वेळी ताप येऊ शकतो,” आशाताई म्हणाल्या. आजी बघतच राहिल्या. “यात डांग्या खोकल्याची लस असते, तिच्यानं येतो. एक-दोन दिवसांत उतरतो. घटसर्प, धनुर्वात झाला तर मात्र जिवावर बेततं. तापाचं औषध देते, किती पाजायचं ते दाखवते. मांडीला हळद-बाम चोळू नका. लेकरू दूध पिईना झालं तर रात्रीही फोन करा. सकाळी मी येतेच.”

फड बदलायच्या दिवशी काम नव्हतं. त्या दिवशी सिस्टरांनी सुई दिली. रात्री ताप आला, आजींनी मापानं औषध पाजलं. उजाडायच्या आत आशाताई हजर. लेकरू दूध पीत होतं. आई फडात गेली, खाडा पडला नाही.

“सांगितल्यावानी आला, सांगितल्यावानी उतरला,” आजी शेजारच्या कोपीत सांगत होत्या.

पुढची सुई चार आठवड्यांनी. तोवर टोळी वाळवा तालुक्यात, म्हणजे सांगली जिल्ह्यात जायची होती. आशाताईंनी कार्डावर तारीख लिहिली आणि ते आधार कार्डांच्या पिशवीत ठेवायला लावलं.

वाळव्याच्या तळावर नव्या सिस्टर आल्या, तेव्हा आजींनीच कार्ड पुढं केलं. “ताप यील ना, बाई? औषध आणलंय का?”