दाणे कोणासाठी?



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २०.

सात्त्विक दान कोणतं? भगवंत सांगतात, द्यायला हवं म्हणून दिलेलं, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य त्याला दिलेलं. हे वाचलं की मला वाटायचं, आपली कबुतरं यात अगदी फिट बसतात. कबुतर काय परतफेड करणार?

बिबवेवाडीतल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आजी रोज ज्वारी टाकायची. ती गेल्यावर मी ते व्रतासारखं चालू ठेवलं. मार्केट यार्डातून ज्वारी आणायची, अंघोळ झाली की गच्चीवर जायचं. पंखांची फडफड ऐकली की वाटायचं, आजी इथेच आहे.

२०२५ च्या जुलैमध्ये सरकारने मुंबईतले कबुतरखाने बंद करायला सांगितले. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली, ऑगस्टमध्ये चिडलेल्या लोकांनी ती काढली. तेव्हा मीही तावातावाने स्टेटस टाकलं होतं.

मग काही महिन्यांनी वरच्या मजल्यावरच्या काकूंचा खोकला थांबेना. डॉक्टरांनी विचारलं, "घराजवळ कबुतरं आहेत का?" वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ रोज श्वासात गेली की काही जणांच्या फुफ्फुसांना सूज येते. दुर्लक्ष झालं तर ते नुकसान कायमचं राहू शकतं. काकू मला एक शब्द बोलल्या नाहीत. "आजीची आठवण आहे ना रे ती," एवढंच म्हणाल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुन्हा श्लोक उघडला. 'योग्य जागी' हे शब्द मी इतकी वर्षं नुसते वाचून पुढे जात होतो. माझ्या दानाची जागा काकूंच्या खिडकीवर होती! आणि कबुतरांचं तरी भलं होत होतं का? आयतं खाणं मिळालं की ती वर्षभर पिल्लं काढतात, गर्दी वाढते, गर्दीत त्यांच्यातही आजार पसरतात. पुढचाच श्लोक म्हणतो, फळाकडे डोळा ठेवून दिलेलं दान राजस. मला पुण्य हवं होतं, आजीही हवी होती. कबुतराला काय हवंय, हे मी कधी पाहिलंच नाही.

नाथांची गोष्ट आठवा. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी तहानलेल्या गाढवाला पाजली. नाथांनी आधी गाढवाकडे पाहिलं. त्याला तहान होती, म्हणून पाणी दिलं.

मी दाणे बंद केले. सोपं नव्हतं. पहिले काही दिवस कबुतरं कठड्यावर वाट बघत बसायची, मला चोरासारखं वाटायचं. उपाशी जिवाला नाही म्हणतोय का मी? पण हळूहळू ती पांगली, आपलं आपण शोधू लागली. उरलेली ज्वारी दळून आणली. आईने भाकऱ्या केल्या, दोन काकूंकडे दिल्या.

आता उन्हाळ्यात खाली झाडाच्या सावलीत मातीचं पसरट भांडं ठेवतो. रोज घासतो, पाणी बदलतो. तिथे चिमण्या येतात, खार येते, एखादं कबुतरही येतं.

आजचा संकल्प: काहीही देण्याआधी एकदा घेणाऱ्याकडे बघायचं. आणि त्याच्या शेजाऱ्याकडेही.

राम कृष्ण हरी!