आपल्यासारखा नसलेला माणूस

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, तेव्हा तिचे पाच भागीदार होते: विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. पहिले चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले, पाचवे सराफ. दामले यंत्रांत रमणारे. बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणाची बाजू त्यांनी सांभाळली. फत्तेलाल चित्रकार, पडद्यावरचे महाल, गल्ल्या, घरं त्यांच्या नजरेतून उभी राहत. धायबर कॅमेऱ्यामागे. शांताराम दिग्दर्शक, सतत नवं काही करून पाहण्याची ओढ असलेले. सीतारामपंतांकडे पैशाची बाजू. प्रभातकडे आपण सिनेमाचा इतिहास म्हणून पाहतो, पण भिन्न स्वभावांच्या पाच माणसांनी चालवलेला तो एक धंदाही होता. छोटा व्यवसाय चालवणाऱ्या प्रत्येकाने त्या बाजूनेही प्रभातकडे पाहायला हवं.

१९३६ साली दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ आला आणि पुढच्याच वर्षी शांतारामांचा ‘कुंकू’. स्टुडिओ एकच, कोल्हापूर सोडल्यावर प्रभातने पुण्यात उभारलेला. पण या दोन चित्रपटांची प्रकृती किती वेगळी! ‘संत तुकाराम’ला कसली घाई नाही. घरातली ओढाताण, शेतातलं काम, नवरा-बायकोची भांडणं यांच्याकडे तो शांतपणे पाहत राहतो. ‘कुंकू’ मात्र प्रेक्षकाला स्वस्थ बसू देत नाही. म्हाताऱ्याशी लावून दिलेलं लग्न न मानणाऱ्या नीरेची ती गोष्ट शांतारामांनी पार्श्वसंगीताशिवाय, घड्याळाच्या ठोक्यांसारख्या रोजच्या आवाजांवर पेलली. ‘संत तुकाराम’ मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. ‘कुंकू’ आजही तितकाच टोचतो.

कंपनीचा ठळक दिग्दर्शक शांताराम होते. त्यांची शैली हीच प्रभातची शैली असं ठरून गेलं असतं, तर ‘संत तुकाराम’ त्या रूपात झाला नसता. तसं ठरलं नाही, ही मला प्रभातची सर्वांत मोठी कमाई वाटते.

दहा-पंधरा माणसांच्या धंद्यात नेमकं हेच अवघड असतं. तिथे मालकाचा स्वभाव हळूहळू धंद्याचा नियम होऊन बसतो. मालक सकाळी लवकर येणारा असेल, तर लवकर येणारा तेवढा कष्टाळू ठरतो. मालक बोलका असेल, तर गप्प राहणाऱ्याला उत्साह नाही असं मानलं जातं. मालक झटपट निर्णय घेणारा असेल, तर दोनदा तपासून पाहणारा हिशेबनीस त्याला अडसर वाटू लागतो. यात दुष्टपणा काही नसतो. ज्या पद्धतीने आपण धंदा उभा केला तीच कामाची खरी पद्धत, असं प्रत्येकाला मनापासून वाटत असतं. पण याचा परिणाम असा होतो, की माणसं कामापेक्षा मालकासारखं दिसण्यावर शक्ती खर्च करतात, आणि ज्यांना ते जमत नाही ती सोडून जातात. मग उरतात ती एकाच साच्यातली माणसं. त्या सगळ्यांना दिसतं ते एकच आणि सगळ्यांच्या नजरेतून सुटतं तेही एकच.

एखाद्या वर्कशॉपचं उदाहरण घेऊ. बाहेर फिरणारा सेल्सचा मुलगा गिऱ्हाइकाला पटकन शब्द देतो, कारण ऑर्डर त्याच क्षणी मिळते किंवा जाते. आतला मिस्त्री मान हलवतो, कारण मशीनवर आधीच किती काम लागलं आहे हे त्याला माहीत असतं. हिशेब पाहणाऱ्या बाई विचारतात, मागची उधारी आली का? तिघेही धंद्याच्याच भल्याचं बोलत असतात. एकाला संधी दिसते, दुसऱ्याला मर्यादा, तिसरीला धोका. यातल्या एकाचंच ऐकायची सवय मालकाला लागली, की धंदा त्या बाजूला कलतो.

म्हणून माझ्या मते प्रमुखाचं पहिलं काम स्वभाव जुळवण्याचं नसून निर्णयाचा हक्क वाटण्याचं आहे. माल कधी मिळेल ती तारीख मिस्त्रीला विचारल्याशिवाय कोणी देणार नाही. उधारी किती द्यायची हे हिशेबाच्या टेबलावर ठरेल. गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं, हे सेल्सच्या माणसावर सोडलं जाईल. असं एकदा ठरलं, की तिघांच्या स्वभावातला फरक भांडणाचं कारण राहत नाही, कामाला येतो. मात्र याची किंमत प्रमुखाला स्वतः मोजावी लागते. त्याला स्वतःला वेगळं वाटत असतानाही ज्याचा हक्क आहे त्याचा निर्णय पाळावा लागतो. तो एकदा जरी डावलला, तरी वाटणी कागदावरच राहते.

दुसरं काम ऐकण्याचं. बैठकीत पटकन बोलणाऱ्याचं मत ठरून जातं आणि विचार करून बोलणाऱ्याचं मत संध्याकाळी, सगळे गेल्यावर, दारात उभ्या उभ्या कानावर येतं: “शेठ, हे चालणार नाही.” हे वाक्य सकाळीच ऐकू यायला हवं असेल, तर विषय आदल्या दिवशी सांगावा, गप्प माणसाला आधी विचारावं, आणि त्याची सूचना उपयोगी पडली तर श्रेय सगळ्यांसमोर द्यावं. गुण नेहमी समोरच्या खुर्चीत बसलेला नसतो. ‘संत तुकाराम’मध्ये तुकोबांच्या पत्नीची भूमिका अविस्मरणीय करणाऱ्या गौरी त्याआधी प्रभातमध्ये किरकोळ कामं करत होत्या. त्यांच्याकडे कोणीतरी नीट पाहिलं, म्हणून ते घडलं.

पण वेगळेपणाला जागा देणं म्हणजे सगळं चालवून घेणं नव्हे. आपल्याकडे एक वाक्य सर्रास ऐकू येतं: “त्याचा स्वभावच तसा आहे, मनाने चांगला आहे.” हाताखालच्या पोरावर रोज खेकसणारा कारागीर, सहकाऱ्याचं काम आपल्या नावावर खपवणारा हुशार माणूस, असे कितीजण या वाक्याच्या आडोशाला सुरक्षित राहतात! पद्धत आणि वर्तन यांतली रेघ प्रमुखाने ठाम आखायला हवी. कोणी यादी करून काम करतो, कोणी डोक्यात ठेवून. कोणी एकटा, कोणी चौघांत. ही पद्धत झाली, ती ज्याची त्याला असू द्यावी. दिलेला शब्द पाळणं, मालाचा दर्जा राखणं, दुसऱ्याशी माणसासारखं वागणं हे मात्र सर्वांना सारखं लागू. जो सर्वांत जास्त ऑर्डरी आणतो त्याला तर आधी लागू, कारण बाकीचे त्याच्याकडेच पाहत असतात.

प्रभातची पुढची हकीकतही विसरता येत नाही. धायबर आधीच बाहेर पडले होते. मतभेद वाढत गेले आणि १९४२ साली शांतारामांनी प्रभात सोडून मुंबईत राजकमल कलामंदिर काढलं. प्रभातने १९४४ साली ‘रामशास्त्री’सारखा चित्रपट दिला, पण १९४५ साली दामले गेले आणि पुढच्या दशकात कंपनी बंद पडली. १९६० पासून पुण्यातल्या त्या स्टुडिओच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे. मला यातून इतकंच दिसतं, की एकमेकांच्या कलेला जागा देणं ही अर्धीच वाट आहे. मान, वाटा, नाराजी यांविषयी वेळेवर आणि तोंडावर बोलण्याची सोयही तितकीच लागते. ती नसेल, तर गुणी माणसं एकमेकांचा आदर करत असतानाही वेगळी होतात.

छोटा धंदा चालवणाऱ्यांना म्हणून एक विनंती. तुमच्याकडच्या ज्या माणसाची पद्धत तुम्हाला सर्वांत जास्त खुपते, त्याचं गेल्या वर्षभराचं काम एकदा शांतपणे तपासा. काम चांगलं असेल, तर त्याला बदलायचा नाद सोडा, त्याच्या कामातला निर्णय त्याच्या हाती द्या आणि तसं सर्वांसमक्ष सांगा.